विद्यापीठात सामाजिक शास्त्रे शिकताना : विषयाची निवड, प्रवेश, शिष्यवृत्ती आणि पुढची वाट

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "आर्ट्सला जाऊन करणार काय?" विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत प्रवेश मिळाला नाही म्हणून कला शाखा, आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला वेळ मिळतो म्हणून एम.ए., असा हिशेब अनेक घरांत असतो. त्यामुळे समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास या विषयांना प्रवेश घेणारे आपले विद्यार्थी पुष्कळ असले, तरी हे विषय ठरवून निवडणारे कमी असतात.

सामाजिक कार्यकर्ती म्हणून वस्त्यांमध्ये काम करताना आणि त्याआधी समाजशास्त्रात एम.ए. करताना एक गोष्ट वारंवार दिसली. आपले विद्यार्थी बुद्धीत कुठे कमी पडत नाहीत. अर्जाची तारीख, दाखल्याचा नमुना, वसतिगृहाची यादी, शिष्यवृत्तीचा हप्ता अशा ठिकाणी ते अडकतात. म्हणून हे विषय कशासाठी शिकायचे आणि शिक्षण पूर्ण होईपर्यंत टिकून कसे राहायचे, या दोन्ही गोष्टींची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

सामाजिक शास्त्रे म्हणजे कोणते विषय?

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, लोकप्रशासन हे यातले नेहमीचे विषय. स्त्री-अभ्यास, विकास अभ्यास, आंबेडकर विचारधारा हे नंतर आलेले आणि अनेक विषयांना जोडणारे अभ्यासक्रम आहेत. समाजकार्य म्हणजे एम.एस.डब्ल्यू. हा व्यावसायिक अभ्यासक्रम असून त्यात आठवड्यातले ठरावीक दिवस क्षेत्रकार्य करावे लागते.

या विषयांतला फरक एका उदाहरणाने समजून घेता येईल. मराठवाड्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, ती फिटते कधी आणि न फिटल्यास पुढच्या हंगामावर तिचा बोजा कसा चढतो, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी पाहील. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' का धरला जातो, बाईच्या श्रमाची वेगळी मोजणी का होत नाही आणि मुलीचे लग्न लवकर का उरकले जाते, हे समाजशास्त्राचा विद्यार्थी विचारील. साखर कारखाना, सहकार आणि सत्ता यांचे नाते राज्यशास्त्राच्या कक्षेत येते. दुष्काळी तालुक्यांतून हे स्थलांतर कधी आणि कसे वाढत गेले, हे इतिहास सांगेल. वास्तव एकच असते, प्रश्न मात्र विषयानुसार बदलतात. आपल्या मनात सतत कोणता प्रश्न येतो ते ओळखणे, ही विषय निवडण्याची चांगली कसोटी आहे. मित्राने अर्ज भरला म्हणून आपणही भरणे ही वाईट कसोटी आहे.

बाबासाहेब कोलंबियात काय शिकले?

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या घराघरांत पाठ असते. त्या पदव्या कोणत्या विषयांच्या, याकडे मात्र लक्ष कमी जाते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद सांगितली जाते ती अशी : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. म्हणजे जवळजवळ संपूर्ण शिक्षण सामाजिक शास्त्रांचे. अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई हे त्यांचे तिथले शिक्षक.

९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो १९१७ साली 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. निबंधाची पद्धत पाहण्यासारखी आहे. आधीच्या अभ्यासकांनी जातीच्या ज्या व्याख्या केल्या होत्या, त्या ते एकेक करून तपासतात. जातीचे मूळ लक्षण कोणते, हा प्रश्न निश्चित करतात आणि जातीअंतर्गत विवाहावर येऊन थांबतात. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी जातीअंतर्गत विवाह टिकवण्यासाठी कशा उपयोगी पडल्या, हे मग तर्काने उलगडून दाखवतात. जातीचा दाह त्यांनी स्वतः सोसला होता, पण निबंध उभा आहे तो युक्तिवादावर. तेव्हा त्यांचे वय २५ होते.

हीच पद्धत पुढे सार्वजनिक कामात दिसते. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी दाखवून दिले की प्रश्न केवळ जमिनीच्या आकाराचा नाही. भांडवल आणि साधने किती आहेत आणि शेतीवर किती माणसांचा भार आहे, याचाही तो प्रश्न आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी प्रतिनिधित्वाची मागणी युक्तिवाद आणि आकडेवारी घेऊन मांडली.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. बाबासाहेबांचाही अभ्यास पैशाअभावी मध्येच तुटला होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनमधले शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. त्यांनी पूर्ण केली. शिष्यवृत्ती हा शिक्षणाचा बाजूचा विषय नाही, हे यावरून समजावे.

अनुभव आणि पुरावा

सामाजिक शास्त्रांच्या वर्गात आपल्या विद्यार्थ्यांकडे एक भांडवल आधीपासून असते, ते म्हणजे अनुभव. जात, स्थलांतर, मजुरी, रेशन, वस्ती हटवणे हे विषय इतरांना पुस्तकातून समजतात. आपल्याला ते घरातून माहीत असतात. पण अनुभव असणे आणि तो इतरांना नाकारता येणार नाही अशा रीतीने मांडता येणे, यात अंतर आहे. ते अंतर कापण्याची शिस्त विद्यापीठात मिळते.

राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये लिहिलेल्या लेखात या विषयाचा दुसरा पैलू मांडला. भारतात सिद्धांत मांडणारे एका थरातले आणि माहिती गोळा करणारे दुसऱ्या थरातले, अशी विभागणी सामाजिक शास्त्रांत झाली आहे. दलित अभ्यासकांनी केवळ माहिती पुरवण्यावर थांबू नये, सिद्धांतही मांडावा, असा त्यांचा आग्रह होता. यावर पुढे बरीच चर्चा झाली. एम.ए.च्या पहिल्या वर्षातच हा लेख वाचावा.

पुरावा कसा उभा करतात याची दोन उदाहरणे पाहा. नोकरी देताना आडनाव पाहिले जाते, ही तक्रार आपल्याकडे जुनीच आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती तपासली. वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले आणि फरक फक्त नावांत ठेवला. दलित आणि मुस्लिम वाटणाऱ्या नावांना पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावांपेक्षा कमी निघाली. जी गोष्ट 'तुमचा गैरसमज आहे' म्हणून उडवून लावली जायची, तिला आता मोजमाप मिळाले.

दुसरे उदाहरण ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन आणि जुनी कागदपत्रे चाळून त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. तोवर चळवळीच्या इतिहासात या स्त्रियांची नावे अभावानेच येत होती. आज स्त्री-अभ्यासाच्या अभ्यासक्रमांत हा ग्रंथ वाचला जातो. पहिल्या उदाहरणात आकडे वापरले आणि दुसऱ्यात मुलाखती, पण दोन्हीकडे पद्धत काटेकोर आहे.

महाराष्ट्रात कुठे शिकता येते?

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली सुरू झाला. तो देशातल्या सर्वांत जुन्या समाजशास्त्र विभागांपैकी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सामाजिक शास्त्रांचे स्वतंत्र विभाग आहेत. तिथल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी जात आणि स्त्रीप्रश्न एकत्र शिकवण्याची परंपरा रुजवली. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, तसेच अमरावती, नांदेड, जळगाव आणि सोलापूरची विद्यापीठे यांच्या विभागांत आणि संलग्न महाविद्यालयांत एम.ए. करता येते. स्त्रियांसाठी एस.एन.डी.टी. विद्यापीठ आहे.

टाटा समाजविज्ञान संस्थेची स्थापना १९३६ साली मुंबईत झाली. तिचे एक संकुल तुळजापूरला आहे आणि तिथे ग्रामीण प्रश्नांवर भर असतो. अर्थशास्त्रासाठी पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० पासून काम करते आहे. समाजकार्यासाठी मुंबईचे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली समाजकार्य महाविद्यालये आहेत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ हे पर्याय आहेत. राज्याबाहेर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबाद केंद्रीय विद्यापीठ इथे आपले अनेक विद्यार्थी गेले आहेत.

शक्य असेल तर विद्यापीठाच्या मुख्य विभागात प्रवेश घ्यावा. तिथे ग्रंथालय मोठे असते, बाहेरचे अभ्यासक व्याख्यानाला येतात आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांशी ओळख होते. ज्यांना घर सोडणे शक्य नाही, त्यांनी तालुक्याच्या महाविद्यालयात शिकताना निदान सुट्टीत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाण्याची सवय लावून घ्यावी.

प्रवेश कसा मिळतो?

राज्यातल्या विद्यापीठांची एम.ए. प्रवेशप्रक्रिया साधारणपणे मे ते जुलै या काळात चालते. काही विभाग प्रवेश परीक्षा घेतात, काही पदवीच्या गुणांवर यादी लावतात. समाजशास्त्रासारख्या विषयाला अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. त्यामुळे बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्यांसाठीही दार बंद नाही.

केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा होते. तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुटतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. टाटा समाजविज्ञान संस्थाही अलीकडे तिचे गुण विचारात घेते. आपले विद्यार्थी इथेच सर्वाधिक चुकतात. पदवीचा निकाल लागल्यावर, जून महिन्यात ते चौकशीला येतात आणि तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. पदवीच्या शेवटच्या वर्षाची दिवाळी झाली की अर्जाची तयारी सुरू झाली पाहिजे.

एम.ए. समाजशास्त्र आणि एम.एस.डब्ल्यू. यांत निवड करताना एक व्यवहार ध्यानात घ्यावा. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचे काम अशा जागांच्या जाहिरातींत बहुधा एम.एस.डब्ल्यू. मागितलेले असते आणि समाजशास्त्राची पदवी तिथे चालेलच असे नाही. ज्यांना अध्यापन आणि संशोधनात जायचे आहे, त्यांना समाजशास्त्र अधिक उपयोगी पडते.

दोन वर्षांत काय शिकवतात?

नवीन शैक्षणिक धोरणानुसार राज्यात दोन वर्षांच्या एम.ए.ची आखणी चार सत्रांत आणि ८८ श्रेयांकांत केली आहे. मुख्य विषयाच्या सिद्धांतांबरोबर पहिल्या वर्षी संशोधन पद्धती आणि क्षेत्रीय प्रकल्प किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव असतो. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो.

संशोधन पद्धती हा विषय विद्यार्थ्यांना रूक्ष वाटतो आणि परीक्षेपुरता वाचला जातो. माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. प्रश्नावली कशी करावी, नमुना कसा निवडावा, मुलाखतीत समोरच्याच्या तोंडी उत्तर कसे घालू नये, जनगणनेचे तक्ते कसे वाचावेत, हे इथे शिकायला मिळते. रोजच्या कामातही याचा उपयोग होतो. पाण्याच्या नळासाठी नगरपालिकेला निवेदन देताना 'पाणी पुरत नाही' असे लिहिणे आणि 'वस्तीत इतकी घरे, इतके नळ, पाणी इतके तास, रांगेत इतका वेळ' असे घरोघर विचारून मांडणे, यात फरक पडतो. दुसऱ्या निवेदनाला अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. याच काळात एक्सेलसारखे साधन नीट शिकून घ्यावे.

प्रकल्पासाठी आपलीच वस्ती निवडली तर लोक मोकळेपणाने बोलतात. पण काही गोष्टी आपल्याला इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या नोंदवायच्या राहून जातात. आपल्याच माणसांच्या उणिवा लिहायला जडही जाते. म्हणून मार्गदर्शकाशी आधी बोलावे, माहिती देणाऱ्याची संमती घ्यावी, नावे बदलावीत आणि निष्कर्ष वस्तीत परत जाऊन सांगावेत. लोकांकडून माहिती घेऊन गेलेला अभ्यासक पुन्हा फिरकलाच नाही, हा अनुभव आपल्या वस्त्यांनी खूप घेतला आहे. निदान आपल्या मुलांकडून तो येऊ नये.

भाषेची अडचण

राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांची परीक्षा मराठीतून देता येते. तरी महत्त्वाचे वाचन मोठ्या प्रमाणात इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात यामुळे खचतो. यावर सवयीचा उपाय चालतो. रोज इंग्रजी लेखाची दोन पाने वाचायची आणि त्यांचा सारांश मराठीत पाच-सहा ओळींत लिहायचा. विचार मराठीत स्पष्ट झाला की इंग्रजी हळूहळू हाताशी येते. भाषा कच्ची आहे म्हणजे समज कच्ची आहे, असा समज करून घेऊ नये आणि कोणी करून दिला तर मानू नये.

वाचनाची सुरुवात महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांपासून करावी. जातींवरचा तो निबंध पहिल्याच खंडात आहे आणि त्याचे मराठी अनुवादही मिळतात. गेल ऑम्वेट यांचा सत्यशोधक चळवळीवरचा अभ्यास आणि एलिनॉर झेलियट यांचे आंबेडकरी चळवळीवरचे संशोधन हे दोन्ही मुळात पीएच.डी.चे प्रबंध होते. प्रबंध कसा असावा, हे त्यांतून शिकता येते.

शिष्यवृत्ती आणि योजना

रकमा, उत्पन्नाच्या अटी आणि तारखा बदलत असतात. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षाची सूचना वाचावी.

• भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जातीच्या, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या सवलतीची, म्हणजे फ्रीशिपची, वेगळी योजना आहे.

• शासकीय वसतिगृह : सामाजिक न्याय विभागाची मुला-मुलींची वसतिगृहे. महाविद्यालयात प्रवेश मिळताच अर्ज करावा.

• डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना : शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून. भोजन, निवास आणि निर्वाह मिळून मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० अशी रचना आहे.

• बार्टीची अधिछात्रवृत्ती : पीएच.डी. करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी. जागा मर्यादित आहेत. सर्व पात्र विद्यार्थ्यांना ती मिळावी म्हणून २०२३ साली संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईत आझाद मैदानावर आंदोलनाला बसावे लागले होते.

• अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती : पीएच.डी.साठी. निवड नेटच्या निकालावरून होते.

• राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती : राज्य शासनाची, ७५ विद्यार्थ्यांसाठी. जागतिक क्रमवारीत वरच्या असलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असावा लागतो.

• राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती : केंद्र शासनाची. २०२२ साली तिच्या नियमांत बदल होऊन भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. याचा सरळ फटका आपल्या विद्यार्थ्यांना बसला. न्यूयॉर्कमध्ये राहून भारतातल्या जातींवर संशोधन करण्यासाठी आज कोणी ही शिष्यवृत्ती मागितली, तर या नियमाने तो अर्ज अपात्र ठरेल.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती बौद्धांनाही लागू होती. २०२२-२३ पासून ती नव्याने देणे बंद झाले. जुन्या माहितीवर विसंबून कोणी तिची वाट पाहू नये.

पैसा मंजूर होणे आणि वेळेवर हातात पडणे यांतही फरक असतो. २०१८ साली टाटा समाजविज्ञान संस्थेत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीधारकांची शुल्कसवलत काढून घेतल्याच्या विरोधात विद्यार्थ्यांनी मोठा संप केला. शिष्यवृत्ती येईपर्यंत शुल्क आधी भरायचे कोणी, हाच त्यातला कळीचा प्रश्न होता. म्हणून पहिल्या चार-पाच महिन्यांच्या खर्चाची तजवीज प्रवेशाआधीच करून ठेवावी.

दाखल्यांबाबत विशेष सूचना

१९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या. पण अनुसूचित जातींच्या यादीत जातींची नावे असतात, 'बौद्ध' हा शब्द नसतो. ज्यांच्या कागदपत्रांत जात म्हणून केवळ 'बौद्ध' लिहिलेले आहे, त्यांना केंद्रीय संस्थेत प्रवेश घेताना किंवा केंद्राची शिष्यवृत्ती घेताना अडचण येऊ शकते. तिथे केंद्र शासनाच्या नमुन्यातील, धर्म आणि मूळ जात दोन्ही स्पष्ट करणारा दाखला लागतो. जुन्या जातीचे नाव लिहिणे अनेकांना नकोसे वाटते, आणि त्यामागची भावना योग्यच आहे. मात्र दाखला हा हक्क मिळवण्याचा कागद आहे, आपली ओळख ठरवण्याचा नाही. निर्णय कुटुंबाने विचार करून घ्यावा, पण तो प्रवेशाच्या आदल्या दिवशी घ्यायची वेळ येऊ देऊ नये.

जातीचा दाखला, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, सर्व गुणपत्रिका, शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी हवी. आधारवरचे, गुणपत्रिकेवरचे आणि बँकेतले नाव अक्षरश: सारखे आहे ना, ते तपासावे. एका वेलांटीच्या फरकाने हप्ता अडकू शकतो.

नेट, सेट आणि पीएच.डी.

सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट लागते. नेट वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर १०० गुणांचा आणि विषयाचा पेपर २०० गुणांचा असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला एम.ए.ला किमान ५० टक्के गुण पुरतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी ३० वर्षांच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट आहे. २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी होणाऱ्या सेट परीक्षेत सामाजिक शास्त्रांचे प्रश्न मराठीतही असतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी दोन्ही परीक्षा द्याव्यात.

२०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. २०२२ च्या नियमानुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. एम.फिल. बंद झाले आहे. मार्गदर्शकाकडे जागा मोजक्या असतात. त्यामुळे विषय ठरवताना त्या विषयावर कोणी काम केले आहे ते वाचून मगच संपर्क साधावा.

नोकरीचे वास्तव

प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे रखडते आणि नेट-सेट झालेले अनेक जण तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात काम करतात. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून प्राध्यापकी हे एकच ध्येय ठेवू नये. स्वयंसेवी संस्थांचे कार्यक्रम आणि मूल्यमापन, संशोधन सहायक, सर्वेक्षण, पत्रकारिता, समुपदेशन, शासनाच्या समाजकल्याण आणि महिला-बालविकास विभागांतली पदे या वाटा आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास हे वैकल्पिक विषय आहेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली असून तिच्यातही वैकल्पिक विषय आला आहे. एम.ए. मनापासून केलेल्याला त्याचा थेट उपयोग होतो.

विभागात अडचण आली तर

वर्गात आडनावावरून टोमणा, मार्गदर्शकाची टाळाटाळ, अंतर्गत गुणांत डावलणे अशा गोष्टी घडतात. घडले त्याच दिवशी तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. विद्यापीठातील अनुसूचित जाती-जमाती कक्ष किंवा समान संधी कक्षाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा पुढे माग राहत नाही. रोहित वेमुला हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात संशोधन करत होता आणि त्याची अधिछात्रवृत्ती काही महिने थांबलेली होती. १७ जानेवारी २०१६ नंतर देशाला त्याचे नाव समजले. एकटे पडणे हा अशा वेळचा सर्वांत मोठा धोका असतो. वरच्या वर्गातले विद्यार्थी, विद्यार्थी संघटना, विश्वासातले शिक्षक आणि घरचे यांच्यापैकी कोणाला तरी लगेच सांगावे. मन फार खचत असेल तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही.

वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी काय करावे?

बुद्धविहारात जयंती आणि वर्षावासाचे कार्यक्रम होतात, तिथे येणाऱ्यांत पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली असतात. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांना बोलावून दाखले तपासून घ्यावेत, सीयूईटीच्या तारखा सांगाव्यात आणि वस्तीतून विद्यापीठात गेलेल्या एखाद्या मुलीला बोलायला सांगावे. विहारात दोन टेबले, वीज आणि इंटरनेट असेल तर अर्ज तिथेच भरून होतात. पहिल्या हप्त्याआधीच्या महिन्यांसाठी बिनव्याजी मदतीचा छोटा निधी उभा करता आला, तर एखाद्याचा प्रवेश वाचतो. मुलींच्या बाबतीत घरच्यांशी बोलणे हे वेगळे काम आहे. वसतिगृह कुठे आहे, तिथे कोण असते, हे एखाद्या बाईने जाऊन सांगितले की आई-वडिलांचा नकार बऱ्याचदा मावळतो.